तोतया नातू आजोळी येतो तेव्हा: ‘स्नीकी पीट’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मालिका मी आजवर बऱ्याच जणांच्या गळ्यात मारली आहे. पहिले दोन भाग पाहून झाले की प्रत्येकाचा फोन येतो आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवतो आहे. पहिल्या भागात जे कळतं त्यापलीकडचं फारसं फोडलेलं नाही. जिथे थोडं फोडावं लागलं तिथे आधी सांगितलं आहे.

गोष्ट नेमकी काय आहे?

मेरियस योसिपोविच हा न्यूयॉर्कचा मुरलेला ठकसेन. तीन वर्षं तुरुंगात काढतो. कोठडीत त्याच्या सोबतीला पीट मर्फी नावाचा एक बडबड्या कैदी असतो. त्याचं तोंड एकाच विषयावर चालतं, तो विषय म्हणजे आजोळ. कनेक्टिकट राज्यातलं शेतातलं घर, आजी-आजोबा, भावंडं. लहानपणी आई त्याला तिथून घेऊन गेली, ते आता वीस वर्षं झाली; त्यानंतर त्याची आणि त्या घराची गाठ नाही. मेरियस ऐकून ऐकून विटतो, पण ऐकतो.

सुटल्यावर कळतं की बाहेर व्हिन्स नावाचा एक गुंड त्याची वाट पाहतो आहे. जुना एक लाख डॉलरचा हिशेब बाकी आहे आणि मेरियसचा धाकटा भाऊ एडी व्हिन्सच्या ताब्यात आहे. लपायला जागा हवी, पैसेही हवेत. मेरियस सरळ पीट मर्फीच्या आजोळी जाऊन दार वाजवतो आणि म्हणतो, मी पीट.

घर बर्नहार्ट कुटुंबाचं. त्यांचा धंदा जामीन देण्याचा, ब्रिजपोर्ट शहरात. थोडक्यात, पळून गेलेल्या माणसांना शोधून आणणं हे ज्या घराचं पोट, त्याच घरात एक पळून आलेला माणूस नातू म्हणून राहायला येतो.

‘स्नीकी पीट’ हे नाव कुठून आलं?

‘स्नीकी’ म्हणजे आडवाटेने, नजर चुकवून काम साधणारा. आपल्याकडे ‘चोरपावली’ म्हणतात त्याच्या जवळचं, फक्त जरा लाडाने म्हटलेलं. हे टोपणनाव अभिनेता ब्रायन क्रॅन्स्टनचं स्वतःचं. ‘ब्रेकिंग बॅड’साठी २०१४ साली एमी पुरस्कार घेताना व्यासपीठावर त्याने सांगितलं, की लहानपणी घरचे मला ‘स्नीकी पीट’ म्हणत, कारण मी कायम कामातून पळवाटा शोधायचो. सोनीच्या एका अधिकाऱ्याने ते ऐकलं आणि विचारलं, की हा स्नीकी पीट मोठा होऊनही सुधारलाच नसता तर? त्या प्रश्नातून क्रॅन्स्टन आणि ‘हाऊस’ ही मालिका लिहिणारा डेव्हिड शोअर यांनी ही गोष्ट उभी केली.

आभाराच्या भाषणातून मालिका निघाली, हे मला अजून गमतीचं वाटतं. आपल्याकडे आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चप्पल शोधायला उठतात.

किती भाग, किती हंगाम, कुठे पाहायची?

तीन हंगाम, प्रत्येकी दहा भाग, एकूण तीस. ॲमेझॉन प्राईम व्हिडिओची स्वतःची निर्मिती असल्यामुळे तिथेच. पहिला हंगाम जानेवारी २०१७, दुसरा मार्च २०१८, तिसरा मे २०१९.

पायलट, म्हणजे चाचणीचा पहिला भाग, २०१५चा आणि मालिका २०१७ची, हे कसं?

मुळात ही सीबीएस या वाहिनीसाठी घडत होती. वाहिनीने नको म्हटलं. त्या काळात ॲमेझॉन नव्या मालिकांचे फक्त पहिले भाग लोकांपुढे ठेवून प्रतिसाद घेत असे. ऑगस्ट २०१५मध्ये हा पहिला भाग तसा ठेवला, लोकांना आवडला आणि पुढचे भाग मागवले गेले. तोवर शोअर बाहेर पडला होता. ‘जस्टिफाइड’ ही मालिका करणारा ग्रॅहम योस्ट आला आणि मालिकेची चाल बदलली. वाहिनीवर आली असती तर बहुधा दर आठवड्याला एक फरारी, एक पाठलाग, एक पकड, असा साचा झाला असता. पहिल्या हंगामाच्या सुरुवातीच्या भागांत त्या साच्याचे अवशेष दिसतात. चौथ्या-पाचव्या भागापर्यंत ते झडून जातात, तेव्हा तिथवर धीर धरा.

वीस वर्षांनी का होईना, सख्खा नातू आजी-आजोबांना ओळखू येणार नाही? हे काही पटत नाही.

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत उभे असताना समोरून एखादी बाई येते, गालावरून हात फिरवते आणि विचारते, “ओळखलंस का मला?” आपल्याला काडीचं आठवत नसतं. आपण काय म्हणतो? “हो, म्हणजे काय!” मग ती स्वतःच सुरू होते: “अरे, तू एवढासा होतास, चिपळूणला आला होतास, विहिरीत चप्पल टाकली होतीस…” आपण हसतो, मान डोलावतो, मध्येच “आणि काका कसे आहेत?” असं अंदाजाने टाकतो. दहा मिनिटांनी ती समाधानाने निघून जाते आणि आपण बायकोला विचारतो, कोण होत्या गं या?

मेरियसचं सगळं कसब हेच आहे. फरक इतकाच, की त्याचं पोट त्यावर आहे. तो क्वचितच एखादी माहिती आपणहून देतो. अर्धं वाक्य टाकतो आणि थांबतो. उरलेलं वाक्य समोरचा पुरं करतो आणि नंतर समोरच्याला वाटतं, की हे पीटनेच सांगितलं. एखाद्या आठवणीत अडकला तर चेहऱ्यावर दुखऱ्या जागेला हात लागल्यासारखा भाव आणतो, आणि मग पुढे विचारायची कोणाची छाती होत नाही. एखादा भाग आवाज बंद करून नुसता मेरियस झालेल्या रिबिसीच्या चेहऱ्याकडे पाहत बघा. उत्तर देण्याआधी त्याचे डोळे क्षणभर समोरच्याच्या तोंडावर फिरतात. प्रश्नात उत्तर कुठे दडलं आहे ते तो शोधत असतो.

आणि दुसरी बाजू. आजोबा ऑटो दार उघडतात तेव्हा ते पुरावा मागत नाहीत, कारण त्यांना पुरावा नको आहे. मुलगी मॅगी घर सोडून गेली, नातवाला घेऊन गेली, त्याचा सल वीस वर्षं आहे. तो सल भरून काढणारा माणूस दारात उभा राहिला, तर तुम्ही त्याचं आधार कार्ड मागाल? आजी ऑड्रीचं तसं नाही. तिच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खडा आहे. पण तिचा राग मुलीवरचा आहे, आणि त्या रागामुळेच ती नातवाला नीट तपासत नाही. ऑटोचं प्रेम आंधळं आणि ऑड्रीचा रागही आंधळा, अशी मेरियसची दुहेरी चंगळ. माझ्या मते सगळी मालिका या एका गोष्टीवर उभी आहे: सोंग वठवणारा एकटा नसतो, ज्यांना ते सोंग हवं असतं ती माणसं त्याला कपडे चढवतात.

अशी उदाहरणं खरोखर घडली आहेत का?

घडली आहेत, आणि त्यातलं एक आपल्याच घरचं आहे. ‘तोतया’ हा शब्द मराठी माणसाला शब्दकोशात पाहावा लागत नाही, तो पानिपतामुळे घरोघरी आहे.

१४ जानेवारी १७६१ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण घरच्यांनी डोळ्यांदेखत पाहिलेला मृत्यू नव्हता, त्यामुळे “भाऊ जिवंत आहेत” ही आशा पुण्यात विझलीच नाही. पार्वतीबाईंनी तर वैधव्य स्वीकारलंच नाही. या आशेच्या वाफेवर एक माणूस उभा राहिला. सुखलाल किंवा सुखनिधान नावाचा उत्तरेकडचा कनोजी ब्राह्मण, म्हणाला मीच भाऊ. पकडला गेला, चौकशी झाली, तोतया ठरला, तुरुंगात पडला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण १७७६मध्ये रत्नागिरीच्या अंमलदारानेच त्याला बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून उभं केलं, आणि बघता बघता कोकणातली माणसं आणि किल्ले त्याच्यामागे गेले. पुण्याच्या कारभाऱ्यांना फौजा पाठवाव्या लागल्या. अखेर तो आंग्र्यांच्या हाती लागला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली.

म्हणजे एकदा तोतया ठरलेला माणूस पुन्हा भाऊ होऊ शकला. ज्यांनी त्याला भाऊ मानलं ते सगळे काही भाबडे नव्हते. कोणाला आशा होती, कोणाला कारभाऱ्यांवरचा राग काढायचा होता, कोणाला नुसता फायदा दिसत होता. बर्नहार्टांच्या घरातही याच तीन जाती आहेत.

इंग्लंडमध्ये रॉजर टिचबोर्न नावाचा सरदारपुत्र १८५४मध्ये समुद्रात बेपत्ता झाला. आईने जाहिराती दिल्या. ऑस्ट्रेलियातल्या वागा वागा गावातून एक लठ्ठ खाटीक आला. मुलगा गेला तेव्हा शिडशिडीत होता आणि फ्रेंच फाडफाड बोलायचा. याला फ्रेंच येत नव्हतं. तरी आईने त्याला पोटाशी धरलं. आई गेल्यावर खटले चालले आणि १८७४मध्ये त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली.

पण मला सगळ्यात छळते ती भवालच्या संन्याशाची गोष्ट, कारण ती उलटी जाते. ढाक्याजवळच्या भवाल जमीनदारीतले मधले कुमार रामेंद्रनारायण राय १९०९मध्ये दार्जिलिंगला वारले असं जाहीर झालं. बारा वर्षांनी ढाक्यात अंगाला राख फासलेला एक संन्यासी बसू लागला आणि लोक म्हणू लागले, हे तर कुमार. बहिणीने ओळखलं, बायकोने शेवटपर्यंत नाकारलं. खटला १९३०मध्ये दाखल झाला, १९३६मध्ये निकाल लागला की हाच कुमार. उच्च न्यायालयातही तेच, आणि १९४६मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्येही तेच. त्यानंतर काही दिवसांतच तो माणूस वारला. सगळे ज्याला तोतया म्हणत होते तो, निदान कायद्याच्या लेखी, खरा निघाला. कोणी मालिकेत हे लिहिलं असतं तर आपणच म्हटलं असतं, काहीही दाखवतात.

बर्नहार्टांचा धंदा नक्की काय? जामीन देऊन पैसे कसे मिळतात?

हे न कळल्यामुळे बरेच जण दुसऱ्या भागात गोंधळतात, म्हणून सविस्तर सांगतो.

अमेरिकेत आरोपीला सुटायचं असेल तर न्यायाधीश रक्कम ठरवतो. समजा पन्नास हजार डॉलर. ही रक्कम कोर्टात ठेवली की खटला संपेपर्यंत मोकळं. सामान्य माणसाकडे तेवढे नसतात. मग तो जामीन कंपनीकडे जातो. कंपनी कोर्टाला लिहून देते की हा तारखेला हजर राहील, नाही राहिला तर पन्नास हजार आम्ही भरू. त्याबद्दल आरोपी कंपनीला ठरावीक टक्के देतो. बऱ्याच राज्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आहे, कनेक्टिकटमध्ये मोठ्या रकमेवर त्याहून कमी. हे पैसे परत मिळत नाहीत, निर्दोष सुटलात तरी. वर घर, गाडी, नातेवाइकाची सही असं काहीतरी तारण घेतात ते वेगळं.

आरोपी तारखेला आला की कंपनीची कमाई पक्की. पळाला की वांधे. मुदतीत धरून आणला नाही तर पूर्ण रक्कम कंपनीच्या बोकांडी बसते. त्यामुळे ऑड्री एखाद्या फरारी माणसासाठी एवढी का पेटते, याचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. एक मोठा मासा सुटला तर बाकी दहांची कमाई गेली.

असा धंदा जगात जवळजवळ फक्त अमेरिकेत आणि फिलिपिन्समध्ये चालतो. अमेरिकेतही इलिनॉय, केंटकी, ऑरेगन, विस्कॉन्सिन या राज्यांत तो बंद आहे.

आपल्याकडे असा धंदा का नाही?

आपल्याकडे न्यायालय जातमुचलक्यावर सोडतं किंवा ऐपतदार जामीनदार मागतं. जामीनदार म्हणजे काका, शेजारी, कारखान्यातला मित्र, ज्याच्याकडे रेशन कार्ड, पगाराची पावती, ऐपतीचा दाखला असं काही दाखवता येतं. तो ओळखीचा असावा आणि आरोपीवर त्याचा वचक असावा, ही मूळ कल्पना. पैसे घेऊन जामीन राहणं आपल्या कायद्याला मंजूर नाही. “मला काही झालं तर तू भरून दे” असा जामीनदाराशी केलेला करार आपली न्यायालयं सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्द मानत आली आहेत.

अर्थात, जिथे दरवाजा बंद तिथे खिडकी. ‘बोगस जामीनदारांची टोळी जेरबंद’ ही बातमी आपण अधूनमधून वाचतोच. खोट्या नावाचं रेशन कार्ड, खोटा सातबारा, खोटा दाखला, आणि एकच माणूस या कोर्टात एक नाव, त्या कोर्टात दुसरं. अमेरिकेत जामिनाचा धंदा करणाऱ्या घरात तोतया शिरतो. आपल्याकडे जामीनदारच तोतया असतो, मालिका काढायला कोणाची हरकत?

फरारी माणसाच्या घराचं दार तोडून आत शिरतात, हे खरं असतं?

बऱ्याच अंशी हो. याचं मूळ १८७२च्या ‘टेलर विरुद्ध टेंटर’ या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. त्यात म्हटलं होतं की जामिनावर सुटलेला माणूस जामीनदाराच्या ताब्यात असतो, जणू मूळच्या कैदेचाच तो पुढचा भाग. जामीनदार त्याला केव्हाही धरू शकतो, दुसऱ्या राज्यात पाठलाग करू शकतो, गरज पडल्यास घरातही घुसू शकतो. आज बहुतेक राज्यांनी यावर बंधनं घातली आहेत आणि कनेक्टिकटमध्ये अशा माणसाला परवाना लागतो. मेरियसकडे परवाना सोडा, स्वतःचं नावही नाही.

मजा म्हणजे तो १८७२चा खटला कनेक्टिकटचाच. त्यातला टेंटर हा त्या राज्याचा खजिनदार होता.

ब्रिजपोर्ट शहरच का निवडलं असेल?

निर्मात्यांच्या मनातलं मी सांगू शकत नाही, पण निवड चपखल आहे. लोकसंख्येने कनेक्टिकटचं सगळ्यात मोठं शहर, एकेकाळी कारखान्यांचं, नंतर उतरती कळा लागलेलं. न्यूयॉर्कहून लोकल गाडीने साधारण दीड तास. लपता येईल इतकं लांब, आणि व्हिन्सच्या माणसांनी संध्याकाळी येऊन गचांडी धरावी इतकं जवळ. शिवाय मेरियस पॅरोलवर आहे. न्यूयॉर्कमध्ये पॅरोल अधिकाऱ्यापुढे त्याला मेरियस म्हणूनच उभं राहावं लागतं आणि परत येऊन जेवायला पीट म्हणून बसावं लागतं. अंबरनाथला एक नाव आणि सीएसएमटीला दुसरं, असं रोज करून बघा.

आणि आणखी एक योगायोग. लोकांना बनवण्याची कला तिकीट लावून विकणारा सर्कसवाला पी. टी. बार्नम १८७५मध्ये याच ब्रिजपोर्टचा महापौर होता. त्याच्या नावाचं संग्रहालय तिथे आहे. “दर मिनिटाला एक मूर्ख जन्मतो” हे त्याच्या नावावर खपणारं वाक्य तो बोलल्याचा पुरावा मात्र सापडत नाही. म्हणजे ठकबाजीवरचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध वाक्यही तोतयाच.

मालिकेतल्या ठकबाजीच्या युक्त्या खऱ्या आहेत की फिल्मी?

मोठ्या युक्त्या फिल्मी आहेत; दहा माणसं, खोटं ऑफिस, सेकंदाचा हिशेब, हे प्रत्यक्षात कोणाला जमणार? छोट्या युक्त्या मात्र अस्सल आहेत आणि सगळ्यांचा सांगाडा एकच: विश्वास आधी ठकसेन दाखवतो, मग सावज परतफेड करतं.

इंग्रजीतला ‘कॉन मॅन’ हा शब्दच ‘कॉन्फिडन्स’वरून आला. १८४९मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्प्सन नावाचा माणूस पकडला गेला. तो चांगल्या कपड्यांतल्या अनोळखी गृहस्थाला जुनी ओळख असल्यासारखा भेटायचा, गप्पा मारायचा आणि विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका तुमचा माझ्यावर विश्वास आहे का? आणि लोक घड्याळ काढून द्यायचे! जुनी ओळख नाकारणं त्यांना अवघड जायचं. पुन्हा तेच, “ओळखलंत का मला?”

व्हायोलिनची एक जुनी युक्ती आहे. फाटक्या कपड्यांतला वादक खानावळीत जेवतो, पाकीट विसरलं म्हणतो, व्हायोलिन तारण ठेवून पैसे आणायला जातो. तेवढ्यात दुसरा एक सुटाबुटातला गिऱ्हाईक म्हणतो, अहो, हे तर दुर्मीळ वाद्य, मी वाटेल ती किंमत देईन, आणि कार्ड ठेवून निघतो. वादक परत येतो तेव्हा खानावळवाला मनात मांडे खात त्याच्याकडून ते रद्दी व्हायोलिन भरपूर पैसे देऊन विकत घेतो. सुटाबुटातला परत येत नाही, हे सांगायला नको. यात फसला कोण? जो एका गरीब वादकाला फसवायला निघाला होता तो.

आपल्याकडची सावजं मात्र निराळी. “आजी, पुढे दंगल झालीय, दागिने काढून रुमालात बांधा” असं सांगणारे तोतया पोलीस लोभावर चालत नाहीत. ते भीतीवर आणि खाकीच्या धाकावर चालतात. आज तेच पोलीस मोबाइलवर गणवेश घालून ‘डिजिटल अरेस्ट’ करतात. मेरियसला त्यांच्यापेक्षा थोडा वरचा दर्जा देण्याचा मोह मला होतो, पण ऑटोकडे पाहिलं की तो मोह ओसरतो.

आपल्याकडे कोणी असं केलं तर कुठलं कलम लागेल?

तोतयेगिरी करून ठकवणूक. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४१९ होतं, तीन वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९ लागू आहे आणि कैद पाच वर्षांपर्यंत गेली आहे. संगणक किंवा फोन वापरून केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ज्याचं सोंग घेतलं तो माणूस खरा असो वा काल्पनिक, गुन्हा गुन्हाच.

अभिनयात कोण जास्त भाव खाऊन जातं?

जिओव्हानी रिबिसी नायक आहे आणि उत्तम आहे. व्हिन्सच्या भूमिकेत क्रॅन्स्टन जेव्हा लांबलचक बोलत सुटतो तेव्हा अंगावर काटा येतो. व्हिन्स माजी पोलीस असल्यामुळे त्याला खोटं बोलणाऱ्याचा वास येतो, हे फार छान वापरलं आहे. पण माझं मत मार्गो मार्टिंडेलला. तिची ऑड्री भांडी विसळताना, फोन ठेवताना, नातवाला ताट वाढताना जे काही करते ते पाहण्यासारखं आहे. घराची सूत्रं जिच्या हातात असतात अशी करारी आजी आपल्याकडे पोत्याने सापडते, त्यामुळे ती परकी वाटतच नाही. योस्टच्या ‘जस्टिफाइड’मधल्या कामासाठी तिला २०११मध्ये एमी मिळालं होतं. पीटर गेरेटीचा ऑटो तिच्यासमोर मऊ पडतो, आणि पडायलाच हवा.

मालिकेत पॅरोल अधिकारी झालेला माल्कम-जमाल वॉर्नर हा ‘द कॉस्बी शो’मधला थिओ. २०२५मध्ये तो गेला. त्याची भूमिका छोटी आहे पण लक्षात राहते.

दुसरा आणि तिसरा हंगाम पाहावा का?

(इथे थोडं फुटतं.) दुसऱ्या हंगामात मेरियसला वेगळाच मार बसतो: पीटच्या आईने, म्हणजे मॅगीने, एक कोटी दहा लाख डॉलर लांबवले आहेत आणि ते वसूल करायला आलेल्यांना तो पीटच वाटतो. नाव चोरलं की त्यासोबत कर्जही येतं. कल्पना झकास आहे, पण मधले तीन-चार भाग पाणी घातलेल्या आमटीसारखे आहेत. जेन ॲडम्सची मॅगी आली की परत चव येते. तिसरा हंगाम ब्लेक मास्टर्सच्या हाताखाली झाला आणि त्यात घर मागे पडून फसवाफसवी पुढे आली. मला तो कमी आवडला. आजोळ नसेल तर तोतया नातवाला अर्थ काय?

शेवट अर्धवट आहे का?

मे २०१९मध्ये तिसरा हंगाम आला आणि जूनमध्ये मालिका बंद केल्याचं जाहीर झालं. त्यामुळे निरोपाचा भाग असा कोणी लिहिलेला नाही. चौथा हंगाम आलेला नाही.

घरच्यांसोबत पाहता येईल?

लहान मुलांसोबत अजिबात नको. शिव्या भरपूर, आणि बोटांशी संबंधित एक हिंसक प्रकार आहे. आजी-आजोबांसोबत पाहायची असेल तर तुमच्या जोखमीवर. मी एका ज्येष्ठ नातेवाइकांना पहिला भाग दाखवला. मेरियस दारात उभा राहिला तेव्हा ते म्हणाले, “ऑटोला कळलंय रे, तो बोलत नाहीये.” मालिकेत तसं नाही, हे मला माहीत होतं. तरी पुढचे भाग मी ऑटोकडे बघत पाहिले.

खऱ्या पीटचं काय होतं?

तो सुरुवातीला तुरुंगातच असतो, आणि ईथन एम्ब्रीने तो इतका भाबडा उभा केला आहे की राग येत नाही. पुढे त्याचा वाटा वाढतो, तो सांगत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की आजोळच्या त्या सगळ्या आठवणी त्याने मेरियसला फुकट दिल्या होत्या, कारण तीन वर्षांत दुसरं कोणी ऐकून घेणारं नव्हतं.